लाकडावर जाळलेल्या रेषेभोवती राखाडी डाग राहतोच? आधी तो कधी उमटला ते पाहा

नेहमीची तक्रार अशी असते: फळी चांगली घेतली, नेमप्लेटची अक्षरं नीट ट्रेस केली, बर्निंग पेननं (विजेवर तापणाऱ्या टोकाच्या पेननं) सावकाश जाळली, शेवटी खोडरबर फिरवला, तरी प्रत्येक अक्षराभोवती राखाडी सावली उरलीच. रबर जास्त घासला तर सावली पसरते. पॉलिश पेपर मारला तर जळालेली रेषाच फिकी होते. मग पुढच्या वेळी नवं पेन घेतलं जातं, महागडी टोकं मागवली जातात, आणि पुन्हा तोच डाग.

पायरोग्राफी, म्हणजे लाकडावर जाळून चित्र काढणं, शिकणाऱ्यांच्या हातात अशी फळी इतक्या वेळा पाहिली आहे की माझा पहिला प्रश्न ठरून गेला आहे: डाग कधी दिसला? पेन लावायच्या आधी, जाळताना, खोडताना की पॉलिश करताना? वेळ कळली की कारण जवळजवळ कळतंच. आणि त्यात पेनचा वाटा फार थोडा निघतो. बहुतेक वेळा गडबड फळी घासताना किंवा चित्र उतरवताना झालेली असते. पेन ती फक्त पक्की करतं.

शोध सुरू करण्याआधी एक चाचणी करा. साधा पांढरा खोडरबर डागाच्या एका कोपऱ्यात एकदाच, हलक्या हातानं फिरवा. रबर काळा झाला तर डाग ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा आहे. रबराबरोबर डाग फासला गेला, त्यात निळसर किंवा जांभळट छटा दिसली, तर ते कार्बन पेपरचं काम. रबर स्वच्छ राहिला आणि डाग तपकिरी असेल, तर तो छापाचा डागच नव्हे, लाकडाला लागलेला चटका आहे. त्याचं पुढे पाहू. गुलाबी रबर मात्र वापरू नका. फिक्या लाकडावर त्याचा स्वतःचा रंग बसतो.

पेन लावायच्या आधीच फळी मळकी दिसत असेल तर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथलं चुकलेलं पुढे सुधारत नाही.

सुताराकडून आलेली फळी हाताला गुळगुळीत लागते, पण ती बहुधा ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलेली असते. खिडकीशी धरून तिरप्या उजेडात पाहा. बारीक ओरखडे दिसतील, आणि त्यातले काही तंतूंना आडवे गेलेले असतील. ग्रॅफाइटची पूड नेमकी याच ओरखड्यांत जाऊन बसते, आणि तिथपर्यंत रबर पोचत नाही. म्हणून फळी आधी ओल्या फडक्यानं हलकेच पुसायची. पाण्यानं दबलेले तंतू उभे राहतात, फळी खरखरीत होते. ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग १८०, २२०, ३२० अशा क्रमानं तंतूंच्या दिशेनंच घासायची. ३२० पुरे. त्याच्याही पुढे जाऊन पृष्ठभाग चकचकीत केला तर ग्रॅफाइट धरतच नाही, मग रेघ उमटावी म्हणून माणूस जोर लावतो आणि दुसरंच संकट येतं.

ते दुसरं संकट म्हणजे खाच. पांगारा, सावर, बासवूड अशा मऊ लाकडावर बॉलपेन दाबून ट्रेस केलं की रेघेच्या जागी बारीक चर पडते. मग बर्निंगचं टोक त्या चरेच्या तळाला टेकत नाही, काठांवरून जातं. परिणाम असा की एका रेषेऐवजी दोन गडद काठ दिसतात आणि मधे फिकी पट्टी राहते. लोकांना वाटतं टोक वाकडं आहे. टोक ठीक असतं. नखानं चाचपून पाहा, चर हाताला लागते. खाच फार खोल नसेल तर छाप पुसून घ्या, वर ओलसर सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्री काही क्षण टेकवा. वाफेनं दबलेले तंतू बरेचसे फुगून वर येतात. फळी वाळली की हलकं घासून पुन्हा ट्रेस करायचं. प्लायवर हा उपाय जपून करा, वाफेनं वरचा पापुद्रा सुटू शकतो.

ट्रेस करायला रिफील संपलेलं बॉलपेन चांगलं, पण त्याहून मी लाल रिफीलचं पेन सुचवेन. कोणती रेघ झाली, कोणती राहिली हे कागदावर दिसतं, त्यामुळे तीच रेघ दोनदा गिरवली जात नाही. कागदाला टेप एकाच कडेला लावा, म्हणजे वहीच्या पानासारखा उचलून खालचं पाहता येतं. आणि तळहाताखाली एक कोरा कागद हवाच. चित्राखाली घातलेल्या ग्रॅफाइट पेपरवर (ग्रॅफाइटची पूड लावलेल्या छापाच्या कागदावर) तळहात टेकला की त्याचा ठसा फळीवर उतरतो. अर्ध्याहून अधिक फळ्यांवरचा तो मधलाच मोठा धुरकट पट्टा हाताचाच असतो.

नवा कोरा ग्रॅफाइट पेपर फार पूड सोडतो. वापरण्याआधी त्याच्यावरून कोरडा टिश्यू किंवा कापूस फिरवून घ्या. चार-पाच वेळा वापरलेला कागद नव्यापेक्षा चांगलं काम देतो, म्हणून जुने कागद टाकू नका. ग्रॅफाइट पेपर मिळत नसेल तर चित्राच्या कागदामागे ४बी पेन्सिल घासून तेच साधतं. पण अख्खा कागद काळा करायची गरज नाही. कागद उजेडासमोर धरा आणि जिथे रेघ आहे तेवढ्याच भागामागे पेन्सिल तिरपी धरून घासा.

आणि काय उतरवायचं हेही ठरवा. वारली चित्र असेल तर दोन त्रिकोणांच्या फक्त कडा उतरवा. आतला भराव जाळून करायचा असतो, तो ट्रेस करून फळी काळी करण्यात अर्थ नाही. अक्षरांचीही बाह्यरेषाच पुरे. मूळ वारली चित्रात गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ असते. फिक्या लाकडावर जाळताना तो मेळ उलटा होतो, म्हणून फळीवरचा प्रत्येक फालतू ठिपका जास्त डोळ्यांत भरतो.

जाळताना रेषेभोवती निळसर-काळी कड आली तर

कार्बन पेपर. दुसरं कारण शोधत बसू नका.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा, पावतीपुस्तकात घालायचा कार्बन पेपर मेण, तेल आणि रंग यांनी बनतो. कागदावर कागद ठेवून नक्कल काढण्यासाठी तो उत्तम आहे. लाकडावर गरम टोक आलं की मेण वितळतं, रंग घेऊन तंतूंमध्ये शिरतं आणि शाई टिपकागदावर फुटावी तशी कड फुटते. फरक इतकाच की इथे उष्णता तिला आणखी आत ढकलते. रबरानं जात नाही. स्पिरिटनं पुसायला गेलात तर रंग पातळ होऊन जास्त पसरतो. भरीव लाकूड असेल तर धारदार ब्लेड उभं धरून तो थर तासून काढणं आणि पुन्हा घासणं हाच खरा उपाय. प्लायवर तोही नाही, कारण वरचा पापुद्रा कागदाइतका पातळ असू शकतो आणि घासता घासता खालचा गोंद वर येतो.

दुकानदार कार्बन आणि ग्रॅफाइट पेपर दोन्हींना ‘कार्बन’च म्हणतात, म्हणून घरी आणल्यावर फळीच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढून रबरानं पुसून पाहा. पुसली गेली तर तो ग्रॅफाइट. मेणचट राहिली तर तो कागद लाकडाजवळ नेऊ नका.

कपड्यावर भरतकामासाठी टोचलेल्या बटर पेपरवरून रॉकेल आणि पावडर फिरवून छाप काढतात, ते पाहून काहीजण लाकडावरही तसं करतात. हे करू नका. रॉकेल लाकडात मुरतं, तेलकट डाग राहतो, आणि त्यावर शेकडो अंशांचं टोक टेकवायचं आहे हे विसरता कामा नये. टोचलेल्या कागदातून नुसती कोरडी कोळशाची पूड पुरचुंडीनं आपटली तर मात्र ती पद्धत लाकडावरही स्वच्छ चालते.

सगळं जाळून झालं, पण खोडताना डाग जात नाही

इथे क्रम चुकलेला असतो. बर्निंग पेनच्या उष्णतेनं ग्रॅफाइट जळून नाहीसं होतं अशी समजूत आहे. तसं होत नाही. पेन्सिलीच्या रेघेवरून जाळलं तर ग्रॅफाइट तिथेच राहतं, वरून दाबलं जातं, आणि तिरप्या उजेडात जळालेल्या रेषेवर रुपेरी चकाकी दिसते. आधी बाह्यरेषा हलक्या जाळून घ्या. फळी थंड झाली की सगळा ग्रॅफाइट खोडा. त्यानंतरच छटा आणि भराव. शेडिंग ग्रॅफाइटवरून केलं असेल तर तो मळकेपणा कायमचा समजा.

उरलेल्या डागासाठी कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेनं टिपत जा, दर टिपणीला बोळ्याची बाजू बदला. पेन त्या वेळी बंद आणि दूर असावं, आणि फळी पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा सुरू करू नये.

सागवानावर प्रश्न उलटा असतो. तिथे ग्रॅफाइटची रेघ दिसतच नाही, म्हणून लोक दाबतात. सागाला कागदामागे पांढरा खडू घासून छाप काढा. सागाची छिद्रं मोठी असल्यानं खडू आत अडकतो. जुन्या टूथब्रशनं कोरडा झटकला की निघतो. तरीही नवशिक्यानं साग घेऊ नये असंच माझं मत आहे. तो तेलकट आहे, आधीच गडद आहे, आणि जाळलेली रेषा त्यावर हवी तशी उठत नाही. शिवण आणि हेद ही आपल्याकडची चांगली लाकडं: फिकी, पोत बऱ्यापैकी सारखा. आंब्याच्या फळीत काळपट पट्टे येतात, पण स्वस्त मिळते आणि सरावाला ठीक आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा पूर्वापार वापरात आहे. हलका आणि मऊ आहे, पण वर सांगितलेली खाच त्याच्यावर लगेच पडते.

झेरॉक्सवरून छाप घेतला तर

इंकजेटची प्रिंट फळीवर पालथी ठेवून मागून इस्त्री केली तरी काहीच उतरत नाही, कारण ती शाई असते, कागदात मुरलेली. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्समध्ये टोनर असतो, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड, आणि तीच उष्णतेनं पुन्हा मऊ होऊन लाकडाला चिकटते. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान यासाठी पुरेसं आहे. फक्त प्रत उलटी, आरशातली काढून घ्या. चित्राला चुकलं तर चालून जातं, देवनागरी नावाला नाही. दुकानातून निघण्याआधी कागद उजेडासमोर मागून धरून नाव वाचून पाहा. मागून सरळ वाचता आलं तर प्रत बरोबर आहे.

इस्त्री कॉटनवर, वाफ पूर्ण बंद. सरकवू नका, टेकवा आणि उचला. सरकवली की दुहेरी छाप येतो, आणि टोनर रबरानं खोडला जात नाही. म्हणूनच या पद्धतीत प्रिंट गडद नको; फिकट करड्या रंगाची, बारीक बाह्यरेषाच हवी, म्हणजे जाळलेली रेषा तिला पूर्ण झाकेल. बाहेर राहिलेला टोनर ब्लेडच्या टोकानं खरवडावा लागतो. टोनरवरून पेन जाताना प्लॅस्टिकचा वास येतो, तेव्हा खिडकी उघडी असावी; एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, वास आणि वाफा नाही. थिनर किंवा ॲसिटोननं टोनर उतरवायची पद्धतही आहे. मी ती शिकवत नाही. द्रव थोडा जास्त झाला की रेघा फुटतात, आणि दोन्ही पटकन पेट घेतात.

डाग तपकिरी असेल आणि रबर स्वच्छ राहिला असेल तर

आता पेनकडे वळू. हा चटका आहे: हात मंद, टोक जास्त गरम, किंवा टोक थांबलेलं. रेषेच्या सुरुवातीला आणि शेवटी गोल काळे ठिपके येत असतील तर टोक फळीवर टेकवून मग ओढलं जातंय. हवेत असलेलं टोक सर्वांत गरम असतं, कारण लाकूड त्याची उष्णता खेचत नसतं. हात आधी चालू करा, चालत्या हातानं टेकवा आणि चालत्या हातानंच उचला. आधी एका रद्दी तुकड्यावर टोक टेकवून घेतलं तर पहिला भडका तिथेच जातो.

देवनागरीत याची कसोटी शिरोरेषेला लागते. नेमप्लेटची फळी आडवी असते आणि तंतूही आडवे, त्यामुळे शिरोरेषा तंतूंना समांतर जाते आणि टोक मऊ तंतूच्या वाटेनं घसरून तिरपं होतं. काना मात्र तंतूंना छेदत जातो, कठीण तंतूवर अडखळतो आणि तिथे ठिपका देतो. एकाच उष्णतेवर दोन्ही रेषा सारख्या येत नाहीत. शिरोरेषेला सुरीसारखं धारेचं टोक लावा, उष्णता कमी ठेवा आणि आधी एक नुसती पुसट रेघ ओढून वाट करून घ्या. मग दोन-तीन फेऱ्यांत गडद करा. काने गोल टोकानं, थोड्या जास्त उष्णतेवर. पेन नेहमी स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. रेषेची दिशा बदलली की हात वळवण्यापेक्षा फळी फिरवा.

पॅकिंगच्या खोक्यांतून निघणाऱ्या पाइनवर हा प्रश्न दसपटीनं येतो. त्यात मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून असतात, आणि राळ वितळून रेषेभोवती पिवळट चिकट कड सोडते. त्यावर नाजूक अक्षरांचा हट्ट धरू नये.

रेषा कधी गडद, कधी फिकी होत असेल तर वर पाहा. पंखा चालू आहे का? तारेच्या निबला (काही पेनांत टोक म्हणून तापणारी बारीक तार असते) पंख्याचा वारा चटकन थंड करतो, आणि आपण नकळत बटण वाढवतो. पंखा बंद करून छोटा एक्झॉस्ट फळीपलीकडे, धूर ओढेल असा ठेवा. दुसरं, टोकावरची काजळी. तिच्यामुळे उष्णता लाकडापर्यंत नीट पोचत नाही. तारेची गरम निब स्टीलच्या चहागाळणीवर हलकी पुसली की साफ होते. पितळी टोकं मात्र पेन बंद करून, थंड झाल्यावर पितळी ब्रशनं घासा. कानस लावू नका.

तिसरं कारण व्होल्टेज. सोल्डरिंग आयर्नसारखी साधी बर्निंग पेनं भिंतीतून येईल त्या विजेवर चालतात, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी संध्याकाळी १९० व्होल्ट येत असतील तर ३० वॉटचं पेन जेमतेम २० वॉट देतं. सकाळी छान चालणारं पेन रात्री बिघडलं असं वाटतं ते यामुळे. अमेरिकेतल्या नातेवाईकांनी पेन पाठवलं असेल तर त्याच हिशेबाची उलटी बाजू भोगावी लागते: १२० व्होल्टचं ३० वॉटचं पेन आपल्या २३० वर थेट लावलं की सुमारे ११० वॉट खेचतं. एकतर लगेच जळतं, किंवा फळी जाळतं. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

कोकणात पावसाळ्यात आणखी एक भर पडते. दमट फळी उष्णता पाणी वाळवण्यात घालवते, रेषा करडी आणि फुगीर येते, टेप निसटतो आणि ग्रॅफाइट चिकटून बसतं. जून ते सप्टेंबर फळ्या कोरड्या कपाटात उभ्या ठेवा आणि काम करायच्या आदल्या दिवशी घरातल्या कोरड्या हवेत काढा. भर उन्हात टाकू नका, तडा जातो.

काय जाळू नये हेही इथेच सांगतो. एमडीएफ नको, त्यातला फॉर्मल्डिहाइडचा गोंद धुरात येतो. रंगवलेलं, जुनं पॉलिश केलेलं, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड नको. अंगणातली कण्हेर विषारी आहे, तिच्या फांद्यांच्या चकत्या कितीही सुबक दिसल्या तरी नको. बिब्ब्याचं लाकूड तर हातातही घेऊ नका.

पॉलिश करताना डाग ओढला गेला तर

इथवर सगळं नीट झालं आणि चपड्याच्या (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या) पॉलिशचा बोळा फिरवताच काळं पसरलं, असं झालं तर फळीवर दोन गोष्टी उरलेल्या होत्या: राहिलेलं ग्रॅफाइट आणि रेषेतली सुटी काजळी. पॉलिशमधलं स्पिरिट दोन्ही उचलतं आणि बोळा ती वाहून नेतो. पॉलिशच्या आधी मऊ ब्रशनं फळी तंतूंच्या दिशेनं झटका, मग पांढऱ्या सुती फडक्यानं कोरडी पुसा. फडकं काळं होत राहील तोवर पुसत राहा. पहिला हात घासायचा नाही; स्प्रेनं किंवा मऊ ब्रशनं एकदाच वरून सोडायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. तो थर बसला की रेषा त्याखाली बंद होते, आणि दुसऱ्या हाताला बोळा बिनधास्त चालवता येतो.